नकाशाला सूची, मग रेणूला का नको?



काही दिवसांपूर्वी अकरावीच्या वर्गात मी पाण्याच्या रेणूंचे एक हलते चित्र दाखविले. निळ्याशार पडद्यावर लाल-पांढरे रेणू संथपणे तरंगत होते, एकमेकांजवळ येत होते, दूर जात होते. एरवी मागच्या बाकांवर चालणारी कुजबुज त्या दिवशी थांबली होती. तास चांगला झाला या समाधानात मी सहज एक प्रश्न विचारला, "या दोन रेणूंच्या मध्ये जी जागा दिसते आहे, तिच्यात काय आहे?"

जवळजवळ निम्मा वर्ग एका सुरात म्हणाला, "पाणी, सर!"

मी क्षणभर गप्पच झालो. पाणी म्हणजेच ते रेणू. त्यांच्या मध्ये पुन्हा पाणी कोठून येणार? पण मुलांची चूक नव्हती. पडदा निळा होता, त्यात गोळे तरंगत होते. डोळ्यांना जे दिसले तेच त्यांनी सांगितले. चूक माझी होती. स्लाइड सुंदर दिसावी म्हणून मी तिला निळा रंग दिला होता, आणि त्या रंगाचा अर्थ सांगावयाचे विसरलो होतो. दहा मिनिटांच्या त्या चित्राने वर्गाला जे शिकविले, ते काढून टाकण्यासाठी मला पुढचे दोन तास खर्च करावे लागले.

त्या दिवसापासून माझ्या मनात जे विचार घोळत आहेत, ते तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडावेत, म्हणून हा लेख.

आज रेणूंची हलती चित्रे, म्हणजेच ॲनिमेशन, स्लाइडमध्ये घालणे अगदी सोपे झाले आहे. आयते चित्र घ्यावे, सादरीकरणात चिकटवावे, बटण दाबावे, की रेणू फिरू लागतो. विज्ञान प्रदर्शनातही अशी सादरीकरणे पुष्कळ पाहावयास मिळतात. यावर काही ज्येष्ठ शिक्षकांचे मत असे की, ही सारी करमणूक आहे, खडू-फळा पुरेसा आहे. मला हे मत मान्य नाही. त्याचबरोबर, चित्र हलले की विषय समजला, हेही मला मान्य नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: ज्याप्रमाणे सूची आणि प्रमाण दिल्याशिवाय आपण नकाशा पुरा मानीत नाही, त्याचप्रमाणे सूचीशिवाय रेणूचे हलते चित्रही वर्गात दाखवू नये.

प्रथम हलत्या चित्रांची बाजू घेऊ. फळा सपाट असतो. रेणू सपाट नसतो. ही अडचण फार जुनी आहे. १८६५ साली ऑगस्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक व्याख्यान दिले. रेणूची रचना श्रोत्यांना दिसावी म्हणून त्याने क्रोके या खेळाचे लाकडी चेंडू घेतले, त्यांना रंग दिले आणि ते काड्यांनी जोडून दाखविले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. आज तुमच्या पडद्यावर ऑक्सिजनचा गोळा तांबडा दिसतो, त्याचे मूळ त्या चेंडूंपर्यंत जाते.

परंतु हॉफमनच्या प्रतिकृतीत एक मोठी उणीव होती. त्याचा मिथेनचा रेणू सपाट होता. मध्ये कार्बन आणि चार दिशांना, एकाच पातळीत, चार हायड्रोजन. त्याचा हेतू कोणता अणू कितींशी जोडला जातो एवढेच दाखविण्याचा होता. रेणूचा खरा आकार तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. पुढे १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी स्वतंत्रपणे असे सुचविले की, कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. व्हान्ट हॉफने तर पुठ्ठ्याची लहान लहान चतुष्फलके तयार करून ती इतर शास्त्रज्ञांकडे पाठविली. कागदावरची आकृती अपुरी पडते, वस्तू हातात घेऊन फिरवून पाहिली पाहिजे, हे त्याने ओळखले होते.

आपल्या देशातही याचे एक उत्तम उदाहरण आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये कोलॅजेन या प्रथिनाची रचना मांडली. आपली कातडी, हाडे, स्नायुबंध यांत हे प्रथिन असते. त्याच्या तीन साखळ्या वेणीच्या तीन पेडांप्रमाणे एकत्र असतात, हे त्यांनी दाखविले. आणि पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, ती रचना सुधारून पुन्हा मांडली. 'पुन्हा मांडली' हे शब्द ध्यानात ठेवा. प्रतिकृती हा निसर्गाचा फोटो नव्हे. पुराव्यांवरून केलेले ते विधान असते, आणि नवा पुरावा मिळाला की ते सुधारावे लागते.

पडद्यावर रेणू फिरविण्याची सुरुवात १९६०च्या दशकात झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत सायरस लेव्हिंथल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रथिनांच्या रेषाकृती उमटविल्या. हातातल्या गोलासारख्या साधनाने त्या हव्या तशा फिरविता येत. सपाट पडद्यावरची आकृती फिरू लागली की तिची खोली डोळ्यांना जाणवते, हा या कल्पनेचा गाभा होता. तेव्हा रेणू फिरविणे हा केवळ शोभेचा प्रकार नाही. त्रिमितीय वस्तू समजून घेण्याचा तो एक खराखुरा उपाय आहे.

मग अडचण कोठे आहे? हलते चित्र खरे वाटते, येथेच अडचण आहे. फळ्यावरची वेडीवाकडी आकृती पाहून कोणीही तिला रेणू समजत नाही. परंतु चकचकीत, सावल्या पडलेले, फिरणारे गोळे पाहिले की मन म्हणते, हाच रेणू! सूक्ष्मदर्शकातून तो असाच दिसत असेल! या समजुतीत निदान चार चुका दडलेल्या असतात. त्या एकेक पाहू.

पहिली चूक आकाराची. पाण्याचा रेणू सुमारे ०.३ नॅनोमीटर रुंद मानू. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पडद्यावर तो ३० सेंटिमीटरचा दिसत असेल, तर तो १०० कोटी पट मोठा केलेला आहे. याच प्रमाणात दीड मीटर उंचीचा विद्यार्थी मोठा केला, तर त्याची उंची १५ लाख किलोमीटर होईल. येथून चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे तो विद्यार्थी चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ चौपट उंच होईल! आणि एवढे मोठे करूनही ऑक्सिजनच्या अणूचे केंद्रक पडद्यावर केवढे असेल? सुमारे ६ मायक्रोमीटर. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे. बाकीच्या गोळ्यात इलेक्ट्रॉनांचा विरळ होत जाणारा मेघ आहे. ज्या गुळगुळीत पृष्ठभागावर चित्रात प्रकाश चमकतो, तो पृष्ठभाग मुळात नाहीच.

दुसरी चूक वेळेची. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यामधला बंध सतत ताणला जातो आणि आखडतो. अशी कंपने एका सेकंदात किती होतात? सुमारे एक कोटी गुणिले एक कोटी. चित्रात मात्र आपल्याला दिसावे म्हणून सेकंदाला एकच कंपन दाखविलेले असते. आता थोडे गणित करा. या मंद गतीने रेणूच्या आयुष्यातला खरा एक सेकंद पाहावयाचा ठरविले, तर किती वेळ बसावे लागेल? वर्षाचे सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद धरून भागाकार केला, की उत्तर येते सुमारे ३२ लाख वर्षे. एवढी गोष्ट स्लाइडच्या कोपऱ्यात एका ओळीत लिहिली, तरी त्या चित्राकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

तिसरी चूक संकेतांची. अणूला रंग नसतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते; अणू त्याच्या हजारपटींहूनही लहान. पाण्यातला ऑक्सिजन तांबडा असता तर पाणी तांबडे का नाही, असा प्रश्न विचारणारा मुलगा बावळट नाही. रंग हा संकेत आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. तीच गोष्ट काड्यांची. सहसंयुज बंधासाठी काडी दाखविणे एक वेळ ठीक आहे, कारण तेथे इलेक्ट्रॉनांची भागीदारी आहे. परंतु मिठाच्या स्फटिकाच्या चित्रातही सोडियम आणि क्लोरीनचे आयन काड्यांनी जोडलेले दिसतात. तेथे काडीसारखे काहीच नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आहेत आणि विद्युत् आकर्षणाने सारा स्फटिक बांधला गेला आहे. काड्या नसत्या तर प्रतिकृती कोसळली असती, म्हणून त्या घातल्या. आणि पडद्यावर कोसळण्याची भीती नसतानाही त्या तशाच राहिल्या.

चौथी चूक वगळण्याची, आणि हीच सर्वांत फसवी आहे. पेशीच्या आत माल वाहून नेणारे कायनेसिन नावाचे एक प्रथिन आहे. दोन पायांनी चालावे तसे ते एका तंतूवरून पावले टाकते. एक पाऊल ८ नॅनोमीटरचे. हार्वर्ड विद्यापीठासाठी २००६ साली तयार केलेल्या पेशीच्या अंतरंगावरील प्रसिद्ध चलच्चित्रात हे प्रथिन एखाद्या हमालासारखे पाठीवर भलेमोठे ओझे घेऊन, शांत मोकळ्या जागेतून डौलात चालताना दिसते. चित्र फारच सुंदर आहे. परंतु खऱ्या पेशीत ना मोकळी जागा आहे, ना शांतता. भोवती पाण्याचे आणि इतर असंख्य रेणू खच्चून भरलेले असतात आणि उष्णतेमुळे ते सर्व बाजूंनी सारखे धडका देत असतात. त्या धक्काबुक्कीत पाय पुढे पडतो, लटपटतो, मग टेकतो. चित्र काढणाऱ्यांनी गर्दी वगळली ती योग्यच केली. नाहीतर काहीच दिसले नसते. पण वगळले आहे हे सांगितले नाही, तर विद्यार्थ्याला वाटते की रेणूला आपले काम ठाऊक आहे आणि तो शहाण्यासारखा नेमक्या जागी जातो. उष्णतेची यादृच्छिक हालचाल हा पदार्थविज्ञानातील एक मूलभूत विचार; तोच अशा चित्रात पुसला जातो.

याखेरीज स्लाइड करतानाच्या काही साध्या चुका आहेत. त्यांतली एक माझ्याच हातून झाली. डीएनएच्या गोफाचे चित्र स्लाइडच्या उजव्या बाजूला नीट बसेना, म्हणून मी ते आरशातल्याप्रमाणे उलटे केले. चित्र छान बसले. पण गोफ उजव्या पिळाचा होता तो डाव्या पिळाचा झाला! नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांप्रमाणे डीएनएचा सर्वसाधारण गोफ उजव्या पिळाचा असतो. एका विद्यार्थिनीने खिशातला स्क्रू काढून पडद्याशी ताडून पाहिला आणि माझी चूक दाखविली. मी तिचे आभार मानले. तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. छापील पुस्तकांत आणि जाहिरातींतही डाव्या पिळाचे डीएनए तुम्हाला सापडतील.

दुसरी गंमत बेंझिनची. बेंझिनचा रेणू सहा बाजूंचा, सर्व बाजूंनी सारखा. तो ६० अंश फिरविला की पुन्हा पूर्वीसारखाच दिसतो. समजा, हलते चित्र करताना तुम्ही त्याच्या मध्याभोवती प्रत्येक चौकटीत त्याला ६० अंशांनी फिरविले. पडद्यावर काय दिसेल? रेणू जागचा हलणारही नाही! आणि प्रत्येक चौकटीत ५० अंश फिरविले तर? तो १० अंशांनी उलटा फिरतो आहे असे दिसेल. सिनेमात गाडीची चाके कधी कधी उलटी फिरताना दिसतात, त्याचे कारण हेच. डोळ्यांनी पाहिले म्हणून खरे, हा नियम हलत्या चित्राला लावू नये, हे यावरून पटावे.

आता टीका पुरे. करावे काय, ते सांगतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रत्येक रेणूच्या स्लाइडखाली तीन ओळींची सूची लिहा. पहिली ओळ, प्रमाण: हे चित्र किती पट मोठे आहे. दुसरी ओळ, वेळ: हालचाल किती पट मंद केली आहे. रेणू नुसता गोल गोल फिरत असेल तर लिहा, 'रेणू असा फिरत नाही. आपण त्याला प्रदक्षिणा घालीत आहोत.' तिसरी ओळ, संकेत: रंग, काड्या व पार्श्वभूमी कशासाठी, आणि काय वगळले आहे. या तीन ओळी लिहावयास दोन मिनिटे लागतात. मात्र त्या लिहिण्यासाठी आधी स्वतःला त्या रेणूची माहिती असावी लागते, आणि माझ्या मते हाच या सूचीचा सर्वांत मोठा फायदा आहे.

दुसरे, चित्र सुरू करण्यापूर्वी थांबा आणि प्रश्न विचारा. बर्फ वितळण्याचे उदाहरण घ्या. पडद्यावर बर्फाची जाळी स्थिर दिसत असताना विचारा, "हा बर्फ वितळला की तेवढेच रेणू जास्त जागा घेतील की कमी?" उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे पाठ असल्याने बहुतेक हात 'जास्त' या बाजूला वर होतील. प्रत्येकाला आपले उत्तर वहीत लिहू द्या. मगच बटण दाबा. बर्फात प्रत्येक रेणूला चार शेजारी असतात आणि त्यांच्या रचनेत मोकळ्या पोकळ्या राहतात. जाळी मोडली की रेणू त्या पोकळ्यांत शिरतात. म्हणून बर्फाची घनता ०.९१७, पाण्याची १, आणि म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो. ज्याने आधी चुकीचे उत्तर लिहिले, त्याला हे आयुष्यभर आठवेल. ज्याने नुसते चित्र पाहिले, तो 'छान होते' म्हणून विसरून जाईल.

तिसरे, शक्य असेल तेथे चित्र स्वतः तयार करा, किंवा विद्यार्थ्यांकडून करून घ्या. प्रथिनांच्या रचनांचा प्रोटीन डेटा बँक हा संग्रह १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाला. आज त्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या सर्वांना विनामूल्य मिळतात. लहान रेणूंसाठी पबकेम आहे. रेणू फिरवून पाहण्यासाठी जेमोलसारख्या मोफत आज्ञावली आहेत. रेणूला १० अंशांनी फिरवीत ३६ चित्रे घ्या; सेकंदाला १२ या वेगाने ती एकामागून एक दाखविली की तीन सेकंदांत एक प्रदक्षिणा पुरी होते. फाइल लहान राहते, जुन्या संगणकावरही चालते. मात्र हलते चित्र सादरीकरणाच्या फाइलीतच समाविष्ट झाले आहे ना, हे आधी पाहा. नाहीतर चित्र घरच्या संगणकावर राहते आणि वर्गात नुसती रिकामी चौकट दिसते!

यावर कोणी म्हणेल, अभ्यासक्रम एवढा मोठा, तास पंचेचाळीस मिनिटांचा. हे सारे करावयास वेळ कोठे आहे? हा आक्षेप खोटा नाही. मलाही दर वर्षी जानेवारी उजाडला की घाई होते. परंतु म्हणूनच मी म्हणतो, दहा हलती चित्रे दाखविण्यापेक्षा एकच दाखवा आणि ते पुरते उलगडून सांगा. आणि ज्या शाळेत पडदाच नाही, तेथेही काही अडत नाही. शाडूच्या मातीचे तीन गोळे आणि खराट्याच्या दोन काड्या घेऊन, कोनमापकाने १०४.५ अंश मोजून पाण्याचा रेणू करता येतो. तो बोटांत धरून फिरविणारा विद्यार्थी पडद्याकडे नुसता पाहणाऱ्यापेक्षा मुळीच मागे नाही.

शेवटी तुम्हा विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी पडद्यावर रेणू फिरू लागला की हात वर करा आणि नम्रपणे विचारा, "सर, हे किती पट मोठे आहे? किती पट सावकाश आहे? यात काय दाखविलेले नाही?" शिक्षकांना उत्तर आले तर तास रंगेल, नाही आले तर दोघे मिळून शोधा. त्या दिवशी माझ्या वर्गातल्या एकाने जरी विचारले असते, "सर, हे मधले निळे काय आहे?", तर माझे दोन तास वाचले असते. आणि एका साध्या प्रश्नाने सबंध वर्ग रेणूच्या थोडा अधिक जवळ गेला असता.